परक्यानं लिहू नये म्हणे!

परदेशी जाऊन राहावं आणि तिथल्या रोजच्या जगण्याचं वर्णन मायदेशच्या लोकांसाठी लिहावं, या उद्योगाला सध्या फार वाईट दिवस आलेत. त्यातही मेक्सिकोत बिऱ्हाड थाटून लिहिणाऱ्या अमेरिकन-युरोपीय मंडळींवर टीकाकारांचा विशेष लोभ. आरोप असे, की ही माणसं डॉलरमध्ये कमावतात आणि पेसोत खर्च करतात. बाजारातली भाजीवाली, कोपऱ्यावरचा टाकोवाला आणि गच्चीवरचं मांजर यांवर पानंच्या पानं भरतात. भाषा धड येत नाही, इतिहास ठाऊक नाही, पण देशाचा स्वभाव मात्र दोन महिन्यांत ओळखतात. सबब त्यांनी लिहू नये आणि शहाण्यानं ते वाचू नये. पुण्या-मुंबईची मंडळी हेच वसाहतवाद, विशेषाधिकार वगैरे शब्दांत सांगतात. आमच्या वडनेर गावात ते एका वाक्यात आटोपतं: "आपल्याले काय करा लागते त्या मेक्सिकोचं?"

मला दोघांशीही भांडायचं आहे. आधी शहरी पूर्वपक्ष घेऊ, कारण त्यात दम आहे.

मेक्सिको सिटीतल्या रोमा आणि कोंदेसा या वस्त्यांत महासाथीनंतर घरबसल्या काम करणाऱ्या परदेशी लोकांची रीघ लागली, हे खरं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या शहराच्या तेव्हाच्या प्रमुख आणि आताच्या राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शेनबाउम यांनी एअरबीएनबी ही घरं भाड्यानं मिळवून देणारी कंपनी आणि युनेस्को यांच्याबरोबर करार करून अशा पाहुण्यांना आवतण दिलं, हेही खरं. भाडी चढली, जुने भाडेकरू लांबच्या वस्त्यांत गेले, आणि ४ जुलै २०२५ रोजी, म्हणजे नेमका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले. काही दुकानांच्या काचाही फुटल्या. 'एवढ्या डॉलरांत महिनाभर राजासारखं राहा' असं लिहिणाऱ्यांचा त्या मोर्चात उद्धार झाला असेल तर त्यात गैर काही नाही.

पण तो मजकूर जगण्याविषयीचं लेखन नव्हेच. ते घरदलालाचं पत्रक आहे, आणि पत्रकाचं पाप रोजच्या नोंदींच्या वहीच्या माथी मारायचं कारण नाही. भाडं वाढवलं घरमालकानं, मुभा दिली नगर प्रशासनानं, मलिदा गेला कंपनीला. उद्या सगळ्या परक्यांनी लेखण्या मोडून टाकल्या तरी त्यांतला एकही पैसा भाडेकरूला परत मिळणार नाही. उलट भाडं किती होतं आणि किती झालं, कोण केव्हा निघून गेलं, याच्या ज्या नोंदी इमानानं लिहिणाऱ्या एखाद्या परक्यानं ठेवल्या असतील, तेवढा पुरावा मात्र बुडेल. शिवाय 'मेक्सिकोतले अमेरिकन' म्हटलं की लॅपटॉपवालाच डोळ्यांपुढे आणायचा, हाही आळस आहे. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत जन्मलेले जवळपास ८ लाख लोक मेक्सिकोत मोजले गेले. त्यांत मोठा भरणा आहे तो अमेरिकेतून परतलेल्या मेक्सिकन कुटुंबांच्या मुलांचा. तीही तिथं परकीच, आणि त्यांच्या वह्यांवर कुणी टीका करत नाही, कारण त्या कुणी मागितलेल्याच नाहीत.

आता पुढचा मुद्दा: जगणं ज्याचं त्यानंच सांगावं, परक्याचं काम नव्हे. ऐकायला हे इतकं न्याय्य वाटतं की कुणी तपासतच नाही. मी तपासायला घराबाहेर पडतो. वडनेर वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यात, नागपूर-हैदराबाद महामार्गावर. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा हा रस्ता, देशातला सगळ्यांत लांब. अर्धा हिंदुस्थान आमच्या दारावरून जातो. आम्ही इथले, जगणं आमचं, लिहितावाचताही येतं. तर सांगा, कापूस वेचणाऱ्या बाईची दुपार कशी जाते, तुरीच्या शेंगा कोण कशात उकडतं, लग्नाच्या पंगतीत कोणाला कुठं बसवतात, हे वडनेरच्या किती जणांनी लिहून ठेवलं? जे रोज दिसतं ते माणूस लिहीत नाही. लिहावं असं त्याला वाटतच नाही. शेजारी राहायला आलेल्या परक्याला मात्र ते वाटतं, कारण त्याचा पाय पहिल्या दिवशीच त्यात अडखळतो.

आमच्याच जिल्ह्यातला दाखला घ्या. जून १९४२ मध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार सेवाग्रामात आठवडाभर राहिला आणि त्यानं त्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या आठवणींत एक तपशील आहे: उकाडा असह्य झाला तेव्हा त्यानं पत्र्याच्या टबात पाणी भरलं, त्यात खोकं ठेवलं, त्यावर बसला, आणि दुसऱ्या खोक्यावर टंकलेखन यंत्र ठेवून गांधीजींशी झालेलं बोलणं टिपून काढलं. त्या महिन्यात सेवाग्रामात शेकडो माणसं घामाघूम होत होती; त्यांत लिहिते हात पुष्कळ होते. पण वर्ध्याचा जून हा त्यांना लिहिण्याचा विषय वाटला नसावा. 'भारत छोडो' ठरावाच्या आधीच्या त्या चर्चा किती अंश तापमानात झाल्या हे ज्याला कळून घ्यायचं आहे, त्याला टबात बसलेल्या त्या परक्याकडेच जावं लागतं.

फिशर एक आठवडा राहिला. मीराबेन त्याहून कितीतरी जास्त. इंग्रज नौसेनाधिकाऱ्याची ही मुलगी १९२५ मध्ये भारतात आली आणि सेगावात गांधीजींच्या आधी जाऊन राहिली. ते आले ३० एप्रिल १९३६ ला. सेगावचं सेवाग्राम व्हायला १९४० उजाडलं, तेही शेगावशी होणारा टपालाचा घोळ मिटावा म्हणून. मीराबेनचं आत्मकथन १९६० साली आलं. त्यातला तिचा भाबडेपणा मला पुष्कळदा टोचतो, खेड्यावरची तिची माया कधी कधी जास्तच गोड होते. तरी सेगाव नावाचं, अजून सेवाग्राम न झालेलं गाव बाहेरून येऊन आत राहिलेल्या माणसाला कसं दिसलं, हे मला दुसरीकडे सापडत नाही.

आणि हे मराठी वाचकाला मी का सांगतो आहे? आपल्या भाषेतलं या जातीचं सगळ्यांत मोठं पुस्तक परक्याचंच आहे की! विष्णुभट गोडसे वरसईचे. कोकणातला भिक्षुक दक्षिणेच्या आशेनं १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि नेमका झाशीच्या वेढ्यात सापडला. 'माझा प्रवास' छापून झालं १९०७ मध्ये. कुणा झाशीकरानं लिहिण्याऐवजी एका कोकणस्थ उपऱ्यानं लिहिलं, म्हणून आपण ते बाजूला ठेवलं का? त्यातला वाडा, दानधर्म, शहरातली लूट आणि जाळपोळ आज इतक्या जिवंतपणे उभी राहते, याचं एक कारण हेच, की भटजींना त्यातलं काहीच सवयीचं नव्हतं.

पूर्वपक्षाच्या बाजूनं आणखी एक साक्षीदार मीच उभा करतो, कारण तो लपवला तर माझी बाजू लंगडी राहील. १८६० च्या दशकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडात हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचा कापूस आयुक्त होता. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा विलायतेच्या बाजारात होतं. या साहेबानं अहवाल लिहिले आणि १९१० मध्ये आठवणींचं पुस्तकही काढलं. त्याला चिंता कशाची? लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस स्वच्छ, भरपूर आणि वेळेवर कसा पोचेल याची. तो आमच्याकडे बघत होता तो गासडीच्या मापानं. परकी नजर धोक्याची असते ती अशी: मागे सत्ता, हातात हुकूम, आणि समोरच्या माणसाला उत्तर देण्याची सोय नाही. हे सगळं मान्य. पण विदर्भाच्या कापसाचा इतिहास लिहायला बसलेल्या कोणत्याही अभ्यासकाला विचारा, रिव्हेट-कार्नॅकला वगळून चालतं का. त्याला उलटं वाचावं लागतं, त्यानं गाळलं ते हुडकावं लागतं. पण वाचावं लागतंच.

एवढं झाल्यावर मेक्सिकोला जायला हरकत नाही.

१९२४ या वर्षी मेक्सिकोत दोन परके होते, आणि त्यांची कथा शेजारी शेजारी ठेवली की माझा मुद्दा आपोआप उभा राहतो. पहिला इंग्रज कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स. त्या हिवाळ्यात तो वाहाकात राहिला आणि घरकाम करणारा पोरगा, शनिवारचा बाजार, पाळीव पोपट यांवर लिहीत बसला. 'मॉर्निंग्ज इन मेक्सिको' १९२७ मध्ये आलं. त्यात लॉरेन्सच्या वंशाविषयीच्या गूढ बडबडीचा मारा आहे, वैताग येतो. पण बाजाराकडे निघालेली माणसं, गाढवं आणि धूळ दिसते ती त्याच्याच पानावर.

दुसरा परका वर्ध्याचा. पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म वर्ध्यातला. गदर चळवळीच्या पायाभरणीतला माणूस. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढला, बर्लिन झालं, मॉस्को झालं, आणि १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचला. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मक्याचा आणि तेओसिंते या त्याच्या रानटी भाऊबंदाचा संकर केला. तीना मोदोत्ती या इटालियन बाईनं, म्हणजे आणखी एका परकीनं, त्याच्या मक्याची आणि त्याची छायाचित्रं काढली. दिएगो रिव्हेरानं शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 'आमची भाकर' हे चित्र काढलं, त्यात भाकर मोडून वाटणारा माणूस खानखोज्यांच्या चेहऱ्याचा आहे. १९३६ मध्ये लग्न झालं ते बेल्जियन मुलीशी. १९५० च्या दशकात हा गृहस्थ नागपूरला येऊन राहिला आणि १९६७ मध्ये वारला. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी चापिंगोत त्याच्या पुतळ्याचं अनावरण केलं.

जवळपास तीन दशकं, म्हणजे आयुष्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काळ, तो मेक्सिकोत होता. मक्यावर त्यानं स्पॅनिशमध्ये लिहिलं. वीणा गवाणकरांचं 'नाही चिरा…' हे चरित्र आहे, मुलगी सावित्री सॉनी यांचं इंग्रजी पुस्तक आहे. दोन्ही मोलाची. पण दोन्हींचा ओढा साहजिकच क्रांतीकडे: बंदुका, पासपोर्ट, खोटी नावं. मला वेगळं काही हवं आहे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या वर्ध्याच्या माणसाला पहिल्यांदा तोर्तिया खाताना काय वाटलं? चापिंगोत घरभाडं काय पडायचं? मेक्सिकन शेतकरी आणि आमचा कुणबी यांच्या सावकारात फरक काय होता? कोणत्या शब्दावर विद्यार्थी हसले? हे त्यानं रोज संध्याकाळी चार ओळींत मराठीत लिहून वर्ध्याच्या एखाद्या मित्राला धाडलं असतं, तर आज आपल्याजवळ मेक्सिकोचं असं पुस्तक असतं जे लॉरेन्सला सात जन्मांत लिहिता आलं नसतं. लॉरेन्सला मका पेरता येत नव्हता.

तो क्रांतिकारक होता, गुप्ततेत वाढलेला, कामात बुडालेला. त्याला दोष देण्याचा माझा विचारही नाही. दोष आपल्या वाचनाच्या सवयीचा आहे. थोर माणसानं थोर गोष्टी लिहाव्यात, भाजीचा भाव, मोलकरणीचा पगार, जिन्यावरची भांडणं हे काय लिहायचं, असं आपण धरून चालतो. मग टाकोवाल्यावर चार पानं लिहिणाऱ्या अमेरिकन बाईला हसतो. ती चार पानं शंभर वर्षांनी कुणाच्या तरी कामाची ठरतील. आपल्या खानखोज्यांची तेवढी चार पानं आपल्या हाती नाहीत.

आता आमच्या गावाचा प्रश्न. "आपल्याले काय करा लागते?" दादा, पांदणीनं शेतापर्यंत चला. उभी कपाशी पाहा. हिंगणघाटचं नाव गाजवणारी 'बनी' ही देशी जात केव्हाच गेली. २००२ साली बीटीला परवानगी मिळाल्यावर शिवारभर पसरली ती अमेरिकन म्हणून ओळखली जाणारी कपाशी, आणि तिचं मूळ घर मेक्सिको. ठेच्यातली मिरची मेक्सिकोची. धुऱ्यावरचं सीताफळ तिकडच्याच बाजूचं. भाजून खाता तो मका मेक्सिकोचा. १९६६ मध्ये हिंदुस्थानानं १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं, तेही मेक्सिकोहूनच. बांधावर माजलेलं गाजरगवत तिकडचं. आणि ते खायला सरकारी शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मुद्दाम आणवलेल्या किड्याला कृषी सहायक आजही 'मेक्सिकन भुंगा' म्हणतो. त्या देशाचं पीक, तण आणि किडा तिन्ही आपल्या वावरात. माणसं तेवढी परकी!

आणि बियाण्याबरोबर माणसांचं वागणं कळलं नाही, तर काय होतं याचा दाखला इतिहासात आहे. मेक्सिकन बाई मका चुन्याच्या पाण्यात शिजवते, रात्रभर तसाच मुरू देते, मग धुऊन वाटते. त्या चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपानं मक्याचं बी जहाजातून नेलं, चुना मागे राहिला. मक्यावरच पोट भरणाऱ्या स्पेन-इटलीच्या गोरगरिबांना, आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांना, पेलाग्रा नावाच्या रोगानं ग्रासलं. कातडी सोलली, डोकी फिरली, माणसं मेली. कारण समजायला विसावं शतक उजाडलं. वनस्पतीची वर्णनं तोवर ढिगानं झाली होती. चुलीपाशी बसून पातेल्यात काय पडतं ते नीट विचारणारं, आणि ते आपल्या घरी समजेल असं लिहिणारं कुणी हवं होतं.

म्हणून मला मराठीत ही वही हवी आहे. टीसीएसचं केंद्र ग्वादलाहारात २००७ पासून आहे, इन्फोसिस माँतेर्रेत आहे. मराठी पोरं-पोरी तिथं वर्षानुवर्षं राहतात. पण आपल्याकडच्या परदेशवर्णनात काय येतं? विमानतळ, पिरॅमिड, आणि शाकाहारी जेवण मिळालं की नाही याची चिंता. मीना प्रभूंनी 'मेक्सिकोपर्व' लिहून आपल्याला तो देश दाखवला, हे ऋण आहेच. तरी प्रवासिनीनं लिहिलेलं आणि रहिवाशानं लिहिलेलं यांत अंतर पडतं. त्यांच्याच 'माझं लंडन'मध्ये मला ते जाणवतं: तिथं त्या पाहुण्या नाहीत, वीजबिल भरणाऱ्या आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्येच अमेरिकेवर असं पुस्तक मराठीत दिलं होतं. तिथं राहून, तिथल्या बायकांच्या कामाचं, संस्थांचं, घरादाराचं. तो धागा आपण पुढे फारसा ओढला नाही. वऱ्हाडातल्या बाईनं मेक्सिकोतलं मिल्पा पाहिलं, म्हणजे एकाच वावरात मका, त्यावर चढलेला घेवडा आणि खाली पसरलेला भोपळा, तर तिला पहिल्यांदा कपाशीतलं तुरीचं तास आठवेल. न्यूयॉर्कहून आलेल्या बाईला ते आठवायचं नाही. परकी नजर वाईट असं म्हणण्यापेक्षा ती एकाच दिशेनं, एकाच भाषेत येते ही तक्रार करा. मी सही करतो.

मुक्काम लांबला की लेखन चांगलं होतं, असंही कुणी समजू नये. इंग्रज लेखक ग्रॅहम ग्रीन १९३८ मध्ये काही आठवडे मेक्सिकोत फिरला आणि 'द लॉलेस रोड्स'मध्ये त्यानं पानोपानी नाक मुरडलं. फिशरचा आठवडा मात्र सार्थकी लागला. आणि वीस वर्षं कुंपणाच्या आत काढून शेजाऱ्याचं नावही न कळलेले लोक सगळीकडे आहेत.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत बोचरा: परका लिहितो आपल्या घरच्यांसाठी; ज्याच्याविषयी लिहिलं त्याला ना ते वाचता येतं, ना खोडता येतं. स्कॉटलंडमध्ये जन्मलेली फॅनी काल्देरोन दे ला बार्का स्पेनच्या राजदूताची बायको म्हणून १८३९ च्या अखेरीस मेक्सिकोला आली आणि दोन वर्षं राहिली. स्वयंपाकघरं, जत्रा, मठ, मोलकरणी, बंडाळी यांविषयीची तिची पत्रं १८४३ मध्ये छापली गेली. मेक्सिकोत संताप उसळला: आमच्या घरी जेवली आणि आमचीच टवाळी केली! शंभरावर वर्षांनी, १९५९ मध्ये, फेलिपे तेशिदोर यानं त्या पुस्तकाचं स्पॅनिश भाषांतर केलं आणि जागोजागी टिपा जोडल्या. आज तो काळ अभ्यासणाऱ्या मेक्सिकन इतिहासकारांच्या टेबलावर ते असतं. उलटतपासणी उशिरा झाली, पण झाली. आणि जबानी लिहून ठेवलेली होती म्हणूनच होऊ शकली. ग्वादलाहारातल्या मराठी मुलीनं शेजारणीविषयी लिहिलं तर पुढे कधी तरी त्या शेजारणीची नात ते वाचून बाईसाहेबांच्या चुका काढील. खुशाल काढू दे. तो तेशिदोर कुठला होता माहीत आहे? जन्मानं स्पेनच्या काताल्युनियातला, मेक्सिकोत येऊन राहिलेला. तोही परकाच.